सापडला तर काय करणार, ते आधी ठरवा

स्थानिक आरोग्य विभागांचे प्रमुख, कीटकजन्य आजार नियंत्रणाचे अधिकारी आणि या कामाच्या समित्यांवर बसणारे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे थंडगार पत्र्यावर पडलेल्या डासांच्या तंगड्या निरखण्यात गेली. सापळ्यातून आलेली जाळीची पिशवी गार करायची, डास बेशुद्ध पडले की पत्र्यावर ओतायचे, नर एकीकडे, माद्या एकीकडे, मग जातीप्रमाणे वेगळ्या करायच्या आणि जास्तीत जास्त पन्नास माद्या एका कुपीत भरून चिठ्ठी लावायची: जात, जागा, तारीख. शेजारच्या खोलीत त्या कुपीचा लगदा होई आणि त्यात विषाणू आहे की नाही ते यंत्र सांगे. आता मी निवृत्त आहे. भिंगाखाली तासन्‌तास बघायची डोळ्यांची ताकदही उरलेली नाही. तरी हे पत्र लिहायला बसले, कारण डासांमधले विषाणू शोधण्याच्या योजनांचे आराखडे अजून कोणी ना कोणी मला वाचायला देते. त्यांत यंत्रे असतात, सापळे असतात, रंगीत नकाशे असतात. एक रकाना मात्र जवळपास नेहमीच रिकामा असतो. विषाणू सापडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण काय करणार?

हा प्रश्न मला एका अंगणाने शिकवला. एका गृहस्थांनी त्यांच्या घरामागच्या झाडाला आमचा सापळा लटकवू दिला होता, दोन हंगाम. पंखा बंद पडला तर ते स्वतः कळवत. मुंग्या पिशवीत शिरून डास खाऊन टाकतात हे लक्षात आल्यावर त्यांनीच दोरीला तेल लावायची युक्ती काढली. दुसऱ्या हंगामात त्यांच्या सापळ्यातल्या एका कुपीत विषाणू सापडला. आम्ही अहवाल वर पाठवला. पोच आली. पुढे काहीच आले नाही. दर आठवड्याला मी पिशवी बदलायला गेले की ते विचारत, ‘‘काय सापडलं का?’’ आणि निर्णय होईपर्यंत बाहेर बोलायचे नाही अशी आम्हाला तंबी असल्यामुळे मी ‘‘तपासणी चालू आहे’’ म्हणत राही. निर्णय झालाच नाही. पुढे त्या भागात रुग्ण निघाले, तेव्हा त्यांना सगळी हकिकत दुसऱ्याच कोणाकडून कळली. तिसऱ्या हंगामात मी गेले तर सापळा धुऊन, वायर नीट गुंडाळून दाराशी ठेवलेला होता.

आपण म्हणाल, रुग्णांची नोंद आम्ही ठेवतोच, मग डास कशाला निवडत बसायचे? त्याचे उत्तर वेळेत आहे. डासाने विषाणू असलेले रक्त प्याले म्हणून तो लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणूला आधी त्याच्या आतड्याच्या भिंतीत वाढावे लागते, तिथून शरीरात पसरावे लागते आणि शेवटी लाळग्रंथीत पोचावे लागते. डेंग्यूच्या विषाणूला या प्रवासाला २५ ते २८ अंश तापमानात साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा तापली की हा काळ आखडतो. एकदा विषाणू लाळेत पोचला की ती मादी मरेपर्यंत तो देत राहते. त्यानंतर ती ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. मग तो माणूस दोन दिवस अंगावर काढणार, मग दवाखाना, मग रक्ततपासणी, मग आपल्या नोंदवहीत एक आकडा. तो आकडा आपल्यापर्यंत येतो तेव्हा ज्या डासाने सुरुवात केली तो बहुधा मेलेलाही असतो.

हे मधले दिवस ओळखायला माणसाला किती काळ लागला पाहा. पीतज्वर डासामुळे पसरतो हे कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच हवानात मांडले होते. त्यांचे प्रयोग लोकांना पटले नाहीत. डासाला रुग्णाचे रक्त पाजल्यावर किती दिवस थांबायचे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यांचे डास विषाणू लाळेत उतरायच्या आतच दुसऱ्या माणसाला चावत होते. पुढे १८९८ मध्ये हेन्री रोझ कार्टर नावाच्या डॉक्टरांनी मिसिसिपीतल्या खेड्यांत घरोघरच्या तारखा टिपल्या. घरात पहिला रुग्ण निघाल्यावर लगेच येऊन गेलेली माणसे धडधाकट राहिली. दोन-तीन आठवड्यांनी आलेली आजारी पडली. मधली पोकळी कुठे तरी बाहेर, माणसाच्या शरीराबाहेर भरली जात होती. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने क्यूबात डासांना तेवढे दिवस दिले आणि फिनले खरे ठरले. यंत्र नव्हते, भिंगही नव्हते. फक्त नीट लिहिलेल्या तारखा होत्या. चिठ्ठीवर तारीख घालायला विसरणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी ही गोष्ट ऐकवत असे. कंटाळत बिचारे.

वेळेखेरीज दुसरे कारण म्हणजे आपल्या नोंदवहीत न येणारी माणसे. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या चौघांपैकी साधारण तिघांना तो झाल्याचे कळतही नाही. वेस्ट नाईल या डासांतूनच पसरणाऱ्या विषाणूचे तर दहातल्या आठांना काहीच लक्षण दिसत नाही आणि मेंदूपर्यंत पोचणारा गंभीर आजार साधारण दीडशेत एकाला होतो. जपानी मेंदूज्वराचे प्रमाण याहून विरळ. म्हणजे रुग्णालयात मेंदूज्वराचा पहिला रुग्ण दिसतो तेव्हा आजूबाजूला शेकडो माणसांना संसर्ग होऊन गेलेला असू शकतो. रुग्णांची मोजणी हवीच. पण ती मोजणी म्हणजे साथीचे शेपूट धरून तिची लांबी सांगणे.

न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या ऑगस्टमध्ये हेच झाले. क्वीन्स भागात मेंदूज्वराचे काही रुग्ण निघाले. आधी तो सेंट लुईस मेंदूज्वर (हाही डासांमुळेच पसरणारा) असल्याचे जाहीर झाले, आणि डासांवर फवारणीही सुरू झाली. त्याच सुमारास शहरभर कावळे मरून पडत होते आणि प्राणिसंग्रहालयातले पक्षीही दगावत होते. सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत, हे तिथल्या पशुवैद्यक रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना खटकले. माणसांची तपासणी करणारे एका खोलीत, पक्ष्यांची करणारे दुसऱ्या, डास बघणारे तिसऱ्या. सप्टेंबर संपत आला तेव्हा कळले की युगांडात १९३७ मध्ये पहिल्यांदा मिळालेला वेस्ट नाईलचा विषाणू अमेरिकेच्या भूमीवर उतरला आहे. त्या वर्षी ६२ रुग्ण आणि ७ मृत्यू नोंदले गेले. पुढच्याच वर्षीपासून तिथे डास, पक्षी, घोडे आणि माणसे यांची एकत्र नोंद ठेवणारी देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. उशिरा, पण राहिली.

याच्या उलट बाजूची गोष्ट झिकाची. युगांडातल्या झिका जंगलात शास्त्रज्ञ पीतज्वराचा विषाणू शोधत होते. झाडावरच्या मचाणात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाला १९४७ मध्ये ताप आला आणि त्याच्या रक्तात भलताच विषाणू मिळाला. १९४८ मध्ये तोच विषाणू त्याच जंगलातल्या एडिस आफ्रिकानस डासांत मिळाला. १९५२ मध्ये ते छापूनही आले. म्हणजे डासात विषाणू आहे हे ठाऊक होते, नाव होते, पत्ता होता. २००७ मध्ये पॅसिफिकमधल्या याप बेटावर त्याची साथ आली, २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये, आणि तान्ह्या बाळांची डोकी लहान राहू लागली तेव्हा जग खडबडून जागे झाले. यात १९४८ च्या त्या शास्त्रज्ञांचा काही दोष नाही. त्यांनी आपले काम चोख केले. डासात विषाणू सापडणे आणि त्याचा कोणाला उपयोग होणे यांच्यामध्ये किती मोठी दरी असू शकते, एवढेच मला त्यात दिसते.

आता सापळ्यांविषयी, कारण पैसे इथेच चुकीच्या ठिकाणी जातात. ‘डास’ असा एक प्राणी नाही. घराच्या आत-बाहेर, भांड्यात, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यात वाढणारी, दिवसा चावणारी एडिस इजिप्ती ही डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वराची वाहक. घाण पाण्यात किंवा भातखाचरांत वाढणारी, रात्री चावणारी क्युलेक्स ही वेस्ट नाईल आणि जपानी मेंदूज्वराची. सापळाही त्याप्रमाणे बदलतो. दिवा आणि कोरड्या बर्फातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वापरणारा सापळा रात्री उडणाऱ्या क्युलेक्सला ओढतो. एडिस त्याच्याकडे फारशी फिरकत नाही. तिच्यासाठी माणसाच्या घामासारखा वास सोडणारा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा सापळा लागतो. कोरडा बर्फ मिळत नसेल तिथे साखर आणि यीस्ट आंबवूनही वायू तयार करता येतो. स्वस्त पडतो, फक्त दर वेळी प्रमाण तेच ठेवायचे.

माझा आवडता सापळा वेगळाच. गवत कुजवून केलेले, नाक मुरडावे असे पाणी एका टबात ठेवायचे आणि वर उलट्या पंख्याची नळी. अंडी घालायला जागा शोधणाऱ्या क्युलेक्स माद्या त्या वासाला भुलतात. याचे मोल असे की अंडी घालायला आलेल्या मादीने आधी एकदा तरी रक्त प्यालेले असते. काल कोषातून निघालेल्या डासाकडे विषाणू असण्याची शक्यता जवळजवळ नसते; धोका तरुण डासाचा नव्हे, म्हाताऱ्या मादीचा. ज्या सापळ्यात म्हाताऱ्या येतात तो कमी डास देऊनही जास्त सांगतो. एका बैठकीत ‘‘या सापळ्याचे आकडे कमी का?’’ असा प्रश्न आला होता, तेव्हा हेच सांगायला मी तोंड उघडले होते. वेळ संपली होती.

निवडीच्या टेबलावरही तितकेच ठरते. रक्ताने टम्म फुगलेली मादी वेगळी ठेवायची. तिच्या पोटातला विषाणू तिच्या शरीरात रुजलेला नसून नुकत्याच प्यालेल्या रक्तातलाही असू शकतो. पाय तुटलेली, खवले झडलेली मादी कोणत्या जातीची हे सांगता येत नसेल तर अंदाजाने टाकायची नाही. ‘ओळख पटली नाही’ असे लिहायला लाज वाटू देऊ नये. आणि गारवा तुटता कामा नये. यंत्र शोधते तो विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय साहित्य, मेलेल्या डासातही काही काळ तग धरतो, पण मुळात थोडा असेल तर उन्हात राहिलेल्या पेटीत तो हातचा जातो, आणि जिवंत विषाणू वाढवून बघायचा असेल तर त्या पेटीतून काहीच मिळत नाही. म्हणून टेबलावरून कुप्या थेट उणे ८० अंशांच्या शीतकपाटात. प्रयोगशाळेतली सगळी चकाकी त्या बर्फाच्या पेटीवर उभी असते. तिच्यासाठी गाडीची सोय आराखड्यात शोधा. बहुधा सापडणार नाही.

माझे स्पष्ट मत सांगते. लहान जागेच्या विभागाने पीसीआरचे, म्हणजे हा आरएनए शोधणारे, यंत्र विकत घेऊ नये. ते पैसे डास ओळखता येणाऱ्या दोन माणसांना घ्यायला, त्यांना शिकवायला आणि टिकवायला वापरावेत. कुप्या जवळच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात. यंत्राचे उत्तर तीन दिवस उशिरा मिळाले तरी चालते. क्युलेक्सच्या कुपीत चुकून एडिस गेल्या तर यंत्र किती का अचूक असेना, आपण फवारणी भलत्याच वेळी भलत्याच जागी करतो. सुमारे ६५ अंशांच्या एकाच तापमानावर चालणाऱ्या आणि रंग बदलून उत्तर देणाऱ्या सुटसुटीत चाचण्या आता आहेत, त्यांनाही माझा विरोध नाही. त्यांच्याही आधी कुपीत काय भरले हे कळायला हवे.

आता गणिताकडे येते. ते टाळले तर हे पत्र वाया जाईल.

भर साथीतसुद्धा विषाणू बाळगणारे डास फार थोडे असतात. समजा हजारात एक मादी बाधित आहे. आपण ५०० माद्या तपासल्या आणि सगळ्या कुप्या कोऱ्या निघाल्या. विषाणू तिथे असूनही असे होण्याची शक्यता किती? साधारण ६१ टक्के. म्हणजे नाणे फेकण्यापेक्षाही वाईट. निदान एक बाधित मादी हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर जवळपास ३००० माद्या तपासाव्या लागतात. पन्नासाच्या कुप्या केल्या तर ६० कुप्या. क्युलेक्सच्या बाबतीत हे जमते, एकेका रात्रीत शेकड्यांनी मिळतात. एडिसच्या बाबतीत जमणे फार अवघड. ती घराघरांत चार-दोन अशी विखुरलेली असते. म्हणून डेंग्यूसाठी डासांतला विषाणू शोधण्याच्या योजनेवर मी जरा कमी विश्वास ठेवते, आणि वेस्ट नाईल किंवा जपानी मेंदूज्वरासाठी जास्त. डेंग्यूसाठी अंड्यांचे सापळे लावून एडिसची संख्या आठवड्यागणिक मोजणे आणि कुप्यांची तपासणी निवडक ठिकाणी ठेवणे हे मला शहाणपणाचे वाटते. उत्साहाच्या भरात हा फरक कोणी सांगत नाही, कारण ‘विषाणू शोध’ हे शब्द ‘अंडी मोजणे’ यापेक्षा बातमीत बरे दिसतात.

तेव्हा ‘विषाणू आढळला नाही’ हे वाक्य कृपा करून एकटे छापू नका. ‘अमुक जातीच्या इतक्या माद्या तपासल्या, त्यांत आढळला नाही’ असे पूर्ण छापा. दोनशे माद्या तपासून दिलेला निर्वाळा लोकांना मच्छरदाणी बाजूला ठेवायला लावतो.

सापडला तेव्हाचेही गणित आहे. ४० कुप्यांत २००० माद्या तपासल्या आणि २ कुप्या बाधित निघाल्या, तर प्रत्येक कुपीत निदान एक तरी बाधित होती असे धरून हजारी १ हा किमान संसर्गदर निघतो. पण नुसता दर बघून धावू नका. एका भागात रात्रीला सापळ्यामागे २० माद्या येतात आणि हजारी ५ बाधित आहेत. दुसऱ्या भागात २०० येतात आणि हजारी १ बाधित आहे. दराने पहिला भाग भयंकर वाटतो. पण सापळ्यामागे बाधित माद्या पहिल्या भागात ०.१ आणि दुसऱ्यात ०.२ पडतात. दुप्पट धोका दुसरीकडे आहे. डासांची संख्या आणि संसर्गाचा दर यांचा हा गुणाकार प्रत्येक वाहक जातीसाठी वेगळा करून मग बेरीज करायची. कागदावर पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते न केल्यामुळे फवारणीची गाडी चुकीच्या दिशेने जाताना मी पाहिली आहे.

आणि यंत्राने ‘आहे’ म्हटले म्हणजे ती मादी रोग देऊ शकतच होती असेही नाही. पीसीआर विषाणूचा आरएनए पकडते. तो जिवंत विषाणूचा असेल, मेलेल्या विषाणूचा असेल, आतड्याच्या पलीकडे कधीच न गेलेल्या विषाणूचाही असेल. विषाणू लाळेत उतरतो का हे बघण्याची एक सुरेख युक्ती ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडली: सापळ्यात मध लावलेले खास कागदी कार्ड ठेवायचे. डास मध चाखताना त्यावर लाळ सोडतात, कार्ड विषाणूला निष्प्रभ करते पण त्याचा आरएनए जपते, आणि ते कार्ड बर्फाशिवायही पाठवता येते. डास निवडायची गरजच नाही! माझ्या पोटावर पाय येत होता, तरी मला ती आवडली. अर्थात कार्डावर थुंकणारी मादी कोणत्या जातीची हे कार्ड सांगत नाही, म्हणून आमचे टेबल अजून मोडीत निघालेले नाही.

शिवाय डासांचे स्वतःचे विषाणूही असतात, ज्यांना माणसाशी काही देणेघेणे नसते. असा पहिला विषाणू १९७५ मध्ये एडिस इजिप्तीच्या पेशींत मिळाला. तो डेंग्यूच्याच कुळातला, पण माणसाच्या पेशीत वाढत नाही. आता डासातले सगळेच जनुकीय साहित्य एका दमात वाचायच्या पद्धती आल्या आहेत आणि असे निरुपद्रवी विषाणू ढिगाने मिळतात. या पद्धती मोलाच्या आहेत, कारण नेहमीची चाचणी आपण विचारलेल्या विषाणूचेच उत्तर देते आणि अनपेक्षित पाहुणा तिला दिसत नाही. पण ‘डासांत नवा विषाणू’ असा मथळा येण्याआधी तो कोणाच्या पेशीत वाढतो हे कोणी तरी विचारावे.

हे सगळे सांगून झाल्यावर पुन्हा त्या रिकाम्या रकान्याकडे येते.

तो भरलेला कसा दिसतो याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण इटलीतले. तिथे एखाद्या प्रांतात डासांत किंवा पक्ष्यांत वेस्ट नाईल सापडला की त्या प्रांतात दान होणाऱ्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी सुरू होते. माणसांत एकही रुग्ण नसताना. त्यासाठी त्या दिवशी कोणाला बैठक बोलवावी लागत नाही, हिंमत करावी लागत नाही, कोणाचा मूड सांभाळावा लागत नाही. निर्णय हंगामाआधीच झालेला असतो. डासाची कुपी फक्त कळ दाबते.

आपला रकाना आपल्या परीने भरा. डास भरपूर पण विषाणू नाही, तेव्हा कोणती पाण्याची ठिकाणे रिकामी करायची आणि कुठे अळीनाशक टाकायचे. एक कुपी बाधित निघाली, तर दुसऱ्या पद्धतीने खातरजमा कोण करणार, किती दिवसांत, आणि तोवर डॉक्टरांना तापाच्या कोणत्या रुग्णाची कोणती तपासणी सुचवायची. लागोपाठ दोन आठवडे बाधित निघाल्या, तर लोकांना काय सांगायचे आणि फवारणी कोणत्या वेळी. वेळेवर जोर देते, कारण धुराची फवारणी उडणाऱ्या डासालाच गाठते. अळ्या, कोष आणि अंडी तशीच राहतात, आणि दिवसा चावणाऱ्या एडिससाठी मध्यरात्री गाडी फिरवणे म्हणजे फक्त आवाज करणे. कोणते औषध, हेही त्याच कुप्यांमधून कळू शकते. निवडताना बाजूला ठेवलेल्या डासांत कीटकनाशकाला दाद न देणारे जनुकीय बदल तपासता येतात. आयता माल टेबलावर असतो, कोणी मागत नाही म्हणून कचऱ्यात जातो.

राहता राहिली ती माणसे ज्यांच्या अंगणात सापळा असतो. त्यांना निकाल आधी कळला पाहिजे. शेजाऱ्याकडून किंवा बातमीतून नव्हे. आणि तो कळवताना ‘तुमच्या घरात विषाणू सापडला’ असे कोणी बोलू नये. क्युलेक्स काही किलोमीटर उडते. सापळ्यात आलेली मादी कुठे जन्मली आणि कोणाला चावली हे सापळा सांगत नाही. एडिस सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही, तरी एका घराला बोल लावण्याइतका नेमकेपणा तिथेही नाही. नकाशावर घराचे टिंब न दाखवता भाग दाखवावा. आणखी एक, ज्यावर फारसे बोलले जात नाही: डासाच्या पोटातल्या रक्तातून ते कोणत्या प्राण्याचे, इतकेच नव्हे तर कोणत्या माणसाचे हेही शोधता येते. अंगण देणाऱ्याने डास पकडायला परवानगी दिलेली असते, स्वतःचे रक्त ओळखायला नव्हे. तशी तपासणी करायची नाही, हे परवानगीच्या कागदावर स्पष्ट लिहा.

‘निकाल सांगितला तर लोक घाबरतील’ हे मी नोकरीभर ऐकले. मला भेटलेली माणसे घाबरण्यापेक्षा प्रश्न जास्त विचारत. पाणी कुठे साठते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत असे. दोरीला तेल लावण्याची ती युक्ती पुढे आम्ही सगळ्याच सापळ्यांना वापरली, आणि ती कोणाची हे कुठल्याच अहवालात लिहिले गेले नाही. इथे तरी लिहून ठेवते.

पुढच्या हंगामाची मंजुरी देताना आराखड्याच्या शेवटच्या पानावर ‘सापडल्यास’ असा रकाना आखून घ्या आणि त्यात हुद्दा, काम आणि मुदत भरल्याशिवाय सापळ्यांच्या खरेदीवर सही करू नका, ही माझी विनंती. निवडीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना शिकवायला मी यायला तयार आहे. मानधन नको. पायांवरचे पांढरे पट्टे मात्र त्यांनी मोजून मला सांगायचे. मला आता ते दिसत नाहीत.

आपली नम्र,
डास निवडणारी एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी